धाकट्या बहिणीची पहिली स्टुडंट फिल्म: मदत नेमकी कुठे करावी?

पडद्यामागचा दादा

धाकटी बहीण माध्यमांच्या अभ्यासक्रमाला पहिल्या वर्षात आहे. सहा मिनिटांच्या आतली फिल्म करून द्यायची आहे. लेखन आणि दिग्दर्शन तिचंच. गोष्ट दोन बहिणींची: थोरली शिकायला बाहेर निघाली आहे, धाकटीला ते कुणी सांगितलेलं नाही. पटकथा नऊ पानांची झाली आहे. चार पात्रं, तीन जागा (घर, बसथांबा, रात्रीचा रस्ता). शूटिंगला दोन दिवस मिळतील. हाताशी दोन फोन, एक साधा ट्रायपॉड आणि एक बरा लॅपटॉप आहे. एडिटिंग दोघांनाही नवीन आहे.

मला तिची फिल्म माझी करायची नाही, पण तिला एकटीला सोडायचंही नाही. मी कोणती कामं अंगावर घ्यावीत? आणि फोनवर शूट करताना आधीच सावध राहायला हवं अशा गोष्टी कोणत्या? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

---

लॉगशीट

तुमच्यासाठी सेटवर तयार जागा आहे, तिचं नाव पहिला सहायक दिग्दर्शक. वेळापत्रक, शॉटची यादी, कोण कुठे उभं आहे, किती वाजले, पुढचा शॉट कोणता, जेवणाची सुट्टी कधी, हे सगळं त्याचं. फ्रेम कशी असावी, नटाने वाक्य कसं म्हणावं, टेक (शॉटचं एकेक चित्रण) ओके की एनजी (बाद), यातलं काहीही त्याचं नाही. ही वाटणी दोघांनी शूटिंगच्या आधी बसून, स्पष्ट शब्दांत ठरवा. सेटवर नट तुमच्याकडे बघून "बरोबर झालं का?" विचारतील, कारण तुम्ही मोठे आहात. उत्तर एकच द्यायचं: "तिला विचारा." हे दोन-तीनदा झालं की नट आपोआप तिच्याकडे बघायला लागतात. तुम्हाला एखादी सूचना करायचीच असेल तर दोन टेकच्या मध्ये, बाजूला घेऊन, एकदाच. सगळ्यांसमोर केलेली चांगली सूचनाही दिग्दर्शकाचा सेटवरचा धाक घालवते.

आता पटकथा. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक मांडणीचा, १२ पॉइंटच्या कुरिअर टाइपातल्या पानाचा आहे. देवनागरीत टाइप केलेल्या पानाला तो भरवशाने लागू पडत नाही. म्हणून मोजायचं ते असं: सगळ्यांनी गोल बसून मोठ्याने वाचन करायचं, कृतीच्या ओळी तिने स्वतः वाचायच्या, कृतीला जितका वेळ लागेल तितकं थांबायचं, आणि तुम्ही घड्याळ लावायचं. सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये श्रेयनामावलीला २० ते ३० सेकंद जातात, आणि वाचनापेक्षा शूट केलेलं जवळजवळ नेहमी लांबतं. तेव्हा वाचन पावणेपाच ते पाच मिनिटांत बसलं पाहिजे. नऊ पानं तेवढ्यात बसतील असं वाटत नाही.

काय काढायचं हे तिने ठरवावं. तुम्ही फक्त प्रश्न विचारा: हे पात्र काढलं तर गोष्ट समजेल का? हा प्रसंग दुसऱ्या प्रसंगाच्या जागेत होऊ शकतो का? चारातली दोन पात्रं आणि तीनातली एक जागा गेली तर दोन दिवसांचं शूटिंग शक्यतेच्या टप्प्यात येतं. नवी जागा म्हणजे सामान हलवणं, पुन्हा प्रकाश बघणं, पुन्हा आवाज तपासणं. त्यात सहज दीड-दोन तास जातात.

पहिल्या पटकथांमध्ये पात्रं मनातलं सगळं बोलून टाकतात. "मला कळलंय, तू उद्या जाणार आहेस" असं वाक्य असेल तर ते काढून बघा. धाकटी खोलीत येते, कपाट अर्धं उघडं आहे, आत दहा हँगर आणि त्यातले आठ रिकामे. ती एक हँगर बोटाने हलवते. थोरली पाठमोरी, बॅगेची चेन ओढते आहे. एवढ्यात प्रेक्षकाला कळलं, आणि पुढचं वाक्य "माझा निळा कुर्ता पण घेतलास?" असलं तरी चालतं. असे बदल सुचवायला हरकत नाही, लिहायचे मात्र तिने.

याच प्रसंगाचं शॉट डिव्हिजन (प्रसंगाचे शॉट पाडणं) कसं करायचं ते सांगतो. दार डावीकडे आणि कपाट उजवीकडे दिसेल असा आडवा मास्टर (पूर्ण प्रसंग सलग दाखवणारा रुंद शॉट). मग थोरलीचा मिड (कंबरेपासून वर), धाकटीचा दारातला मिड, हँगरचा क्लोज (अगदी जवळून), दोघींचे एकेक क्लोज. सहा शॉट झाले. दोघींच्या मधून एक काल्पनिक रेषा ओढा आणि कॅमेरा सगळ्या शॉटना त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. थोरली उजवीकडे उभी राहून डावीकडे बघते, धाकटी डावीकडे उभी राहून उजवीकडे बघते. एका क्लोजसाठी कॅमेरा पलीकडे गेला की दोघी एकाच दिशेला बघताना दिसतात, आणि एडिटमध्ये त्यावर इलाज नसतो. मास्टर झाल्यावर दाराकडे तोंड असलेले सगळे शॉट एकदम, मग कपाटाकडे तोंड असलेले. गोष्टीच्या क्रमाने शूट करायचा आग्रह धरलात तर प्रत्येक शॉटला ट्रायपॉड आणि प्रकाश फिरवत बसाल.

वेळेचा हिशेब: नव्या टीमला कॅमेऱ्याच्या एका मांडणीला २५ ते ३० मिनिटं धरा. आठ तासांच्या दिवसातून जेवण आणि सुरुवातीची जुळवाजुळव वगळली की सहा तास उरतात, म्हणजे १२ मांडण्या. दोन दिवसांत २४. त्यातल्या चार राखीव ठेवा आणि यादी २० वर थांबवा. यादीत प्रत्येक शॉटपुढे "हवाच" किंवा "जमला तर" असं तिच्याकडून लिहून घ्या. दुपारी चार वाजता आठ शॉट बाकी असतील तेव्हा कोणते सोडायचे हे त्या घाईत ठरवायला लागू नये.

शूटिंगच्या आधी त्याच जागी, त्याच वेळेला रेकी (जागेची पाहणी) करा आणि फोनवर स्थिरचित्रं काढून सगळे शॉट बघून घ्या. खोलीत मास्टर घ्यायला पुरेसं मागे सरकता येत नाही हे तेव्हाच कळतं.

---

कॉलरमाइक

पटकथेचं वर आलं आहे, मी आवाजावर लिहितो. पहिल्या फिल्ममध्ये सगळ्यात जास्त फजिती आवाजाची होते. चित्र थोडं काळपट असलं तर प्रेक्षक सोसतो, संवाद ऐकू आला नाही तर तो फिल्म सोडून देतो.

कारण साधं आहे. फोन दोन-अडीच मीटरवर ट्रायपॉडला असतो आणि त्याचा माइक खोलीचा घुमारा आणि नटाचा आवाज सारख्याच इमानाने पकडतो. वर फोनचं रेकॉर्डिंग आवाजाची पातळी आपोआप वरखाली करतं: संवाद थांबला की शांततेतला "सूं" वर चढतो, संवाद आला की दबतो. हा हेलकावा नंतर नीट काढता येत नाही.

उपाय म्हणजे माइक तोंडाजवळ आणणं. तुमच्याकडे दुसरा फोन आहे, तो रेकॉर्डर म्हणून वापरा. डब्ल्यूएव्ही फाइल, ४८ किलोहर्ट्झ, आणि पातळी हाताने लावता येईल असं रेकॉर्डिंग ॲप घ्या. ४४.१ वर ठेवू नका, व्हिडिओचं काम ४८ वर चालतं. साधा तारेचा कॉलर माइक मिळाला तर उत्तम: हनुवटीपासून १५ ते २० सेंटिमीटर खाली, छातीच्या मध्यावर. वायर आत एक छोटा वळसा देऊन चिकटपट्टीने बसवा म्हणजे ओढ माइकपर्यंत पोचत नाही. कपड्याच्या आत लपवायचा तर सुती कपडा बरा, सिंथेटिक खरखरतो. शॉट सुरू होण्याआधी नटाला हात वर-खाली करायला, वळायला, बसायला लावा आणि हेडफोनवर ऐका. हेडफोन न लावता आवाज रेकॉर्ड करू नका. कॉलर माइक नसेल तर रेकॉर्डर-फोन काठीला बांधून फ्रेमच्या कडेच्या अगदी वर, तोंडापासून ३० ते ५० सेंटिमीटरवर धरा, माइकचं टोक छातीकडे. मास्टरमध्ये एवढं जवळ येता येत नाही, पण मिड आणि क्लोजमध्ये येतं, आणि एडिटमध्ये संवाद बहुतेक तिथलेच वापरले जातात.

पातळी: सर्वात मोठ्याने म्हटलेलं वाक्य उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू दे. शून्याला टेकलं की आवाज फाटला. हळू आवाज वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. ओरडण्याचा प्रसंग असेल तर त्या टेकआधी पातळी खाली घ्यायला विसरू नका, तालमीत नट नेहमी अर्ध्या आवाजात म्हणतात.

खोली: पंखा बंद, फ्रिज बंद, घड्याळ बाहेर. फ्रिज बंद करणाऱ्याने आपल्या गाडीची किंवा घराची किल्ली फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे तो पुन्हा सुरू केल्याशिवाय निघता येत नाही. रिकाम्या भिंती घुमतात, तेव्हा फ्रेमबाहेरच्या दोन भिंतींवर जाड रजया किंवा ब्लँकेटं टांगा, जमिनीवरही एक पसरा.

आता क्लॅप. दोन यंत्रांवर रेकॉर्ड करता आहात, म्हणून प्रत्येक टेकला लागतोच. क्रम असा: आधी आवाज रोल, मग कॅमेरा रोल, मग "सीन दोन, शॉट तीन, टेक एक" मोठ्याने म्हणून कॅमेऱ्यासमोर दोन्ही हातांनी एक टाळी. हात फ्रेममध्ये पूर्ण दिसले पाहिजेत आणि फोकसमध्ये पाहिजेत. एडिट करताना आवाजाच्या आलेखावर टाळीचा एक उभा, टोकदार सुळका दिसतो आणि चित्रात तळवे एकमेकांना भिडलेली एक फ्रेम सापडते. सुळका त्या फ्रेमखाली आणला की जुळलं. टाळीनंतर तीन सेकंद शांतता, मग ॲक्शन. आणि "कट" म्हटल्यावर लगेच बंद करू नका, पाच सेकंद चालू राहू दे.

प्रत्येक जागेचा एक मिनिट रूम टोन घ्या. सगळे जागेवर, कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, फक्त खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. दोन संवादांच्या मध्ये एडिटमध्ये भोक पडतं तिथे हाच भरायचा असतो. संपूर्ण निःशब्द जागा कानाला लगेच खटकते. दिवसाच्या शेवटी सगळे थकलेले असतात आणि हेच राहून जातं, म्हणून मास्टर झाला की लगेच उरका.

एखादा टेक चित्राने सुंदर पण मध्येच हॉर्न वाजला, तर तिथल्या तिथे, कॅमेरा बंद ठेवून, नटाकडून तीच वाक्यं त्याच लयीत दोनदा म्हणवून घ्या. याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात. पाच मिनिटांचं काम आहे.

---

पडद्यामागचा दादा

दोघांचेही आभार. तिने रात्री बसून दोन पात्रं काढली आणि वाचन पाच मिनिटं दहा सेकंदांवर आलं. दोन शंका: आवाजाची एवढी यातायात करण्यापेक्षा सगळं नंतर डब केलं तर? आणि रात्रीचा रस्ता तिला सोडवत नाही. फोनवर जमेल का?

---

कॉलरमाइक

डबिंगने यातायात कमी होत नाही, फक्त नंतरवर जाते. ओठ जुळवून, तोच भाव आणून बोलणं हे वेगळं कौशल्य आहे. नवख्या नटांचे सेटवर जिवंत वाटलेले प्रसंग डबिंगमध्ये वाचून दाखवल्यासारखे होतात. शिवाय संवाद डब केले की पावलं, बॅगेची चेन, हँगरचा किणकिणाट, खुर्ची सरकणं हे सगळं वेगळं रेकॉर्ड करून एकेक बसवावं लागतं. बसथांब्याच्या गोंगाटात दुसरा इलाजच नसेल तर तिथले संवाद दोन-तीन वाक्यांवर आणा आणि तेवढेच डब करा. सेटवर तरीही आवाज रेकॉर्ड करायचा, डबिंग करताना नटाला ऐकवायला तो लागतो.

---

खिडकीचा उजेड

एक पर्याय सुचवतो: बसथांब्याचा प्रसंग पूर्ण बिनसंवादी करता येईल का ते तिने बघावं. मग गोंगाट तुमच्या कामाचाच होतो. तिथला दोन मिनिटांचा सलग आवाज मात्र वेगळा रेकॉर्ड करून आणा.

आता फोनच्या सेटिंगकडे. शूटिंगच्या आदल्या दिवशी हे लावून, चाचणी शूट करून, क्लिप लॅपटॉपवर उघडून बघा. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप फुकट आहे, आयफोनवर आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चालतं. त्यात शटर (प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते), आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढरा दिसावा अशी जुळणी), फोकस आणि कोणती लेन्स हे सगळं हाताने लावून कुलूपबंद करता येतं. तुमच्या फोनवर ते चालत नसेल तर फोनच्या कॅमेऱ्यात निदान एक्सपोजर (चित्राचा उजळपणा) आणि फोकस लॉक करा: पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये होतं.

फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) २५, शटर १/५० सेकंद. जिथे वीज ५० हर्ट्झची आहे तिथे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फ्रेमला तो सारखाच मिळतो. मधलंच काही ठेवलं, समजा १/६०, तर चित्रावर पट्टे सरकताना किंवा उजेड धडधडताना दिसतो. वीज ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२० आणि फ्रेमरेट २४ किंवा ३०. काही स्वस्त एलईडी दिवे आणि मंद केलेले दिवे तरीही लुकलुकतात, तेव्हा जो दिवा फ्रेममध्ये येणार आहे तो आधी शूट करून बघा.

बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र बदलता येत नाही, त्यामुळे भर उन्हात १/५० वर चित्र पांढरं पडतं. एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) मिळाला तर लावा, नाहीतर सावलीत शूट करा, किंवा शटर वाढवा आणि हालचाल थोडी कडक दिसेल हे मान्य करा. उन्हात विजेच्या दिव्यांचा प्रश्न नसतो, त्यामुळे चालून जातं.

व्हाइट बॅलन्स आपोआपवर ठेवलात तर पात्र खिडकीसमोरून गेलं की एकाच शॉटमध्ये रंग बदलतो, आणि तो टेक दुसऱ्या टेकशी जुळवताना जीव जातो. दिवसाच्या उजेडात ५६०० केल्विनच्या आसपास, पिवळ्या बल्बखाली ३२०० च्या आसपास. दोन्ही उजेड एका फ्रेममध्ये येत असतील तर एक बंद करा. घरात दिवसा शूट करत असाल तर छताचे सगळे दिवे बंद करून फक्त खिडकी ठेवणं सर्वात सुंदर आणि सर्वात सोपं.

खिडकी नटाच्या बाजूला हवी. पाठीमागे ठेवली तर चेहरा काळा, अगदी समोर ठेवली तर चेहरा सपाट. एका गालावर खिडकी, दुसऱ्या गालाच्या बाजूला, फ्रेमच्या लगेच बाहेर, पांढरी थर्माकोल शीट. शीट पुढे-मागे करून बघा: अर्ध्या मीटरवर आणली की सावली उजळते, दोन मीटरवर नेली की जवळजवळ काहीच पोचत नाही. हँगरच्या प्रसंगात धाकटीच्या क्लोजला शीट काढून टाकली तर चेहऱ्याची एक बाजू अंधारात जाईल. तिला तो परिणाम हवा आहे का, हे तिला दोन्ही दाखवून विचारा. दिग्दर्शकाचं काम इथे शिकता येतं. खिडकीचा उजेड तासातासाला बदलतो, म्हणून एका प्रसंगातले सगळे शॉट एका बैठकीत संपवा.

लेन्स मुख्यच वापरा. ती रुंद असते, क्लोजसाठी फोन चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला की नाक मोठं दिसतं. निदान एक मीटर लांब राहा आणि फ्रेम थोडी मोकळी ठेवा, किंवा फोनला खरी टेली लेन्स (दूरचं जवळ दाखवणारी) असेल तर भरपूर उजेडात ती घ्या. कमी उजेडात बरेच फोन टेली निवडल्यावरही गुपचूप मुख्य लेन्सचं चित्र कापून मोठं करून देतात, म्हणून लेन्स लॉक करायची.

एचडीआर (उजेड-सावलीचा जास्त पल्ला टिपणारी सोय) बंद. नव्या आयफोनमध्ये ते मुळात चालू येतं आणि नंतर एडिटमध्ये रंग फिके किंवा भडक दिसतात. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन (हलणं आपोआप सावरणारी सोय) बंद, नाहीतर पॅन (कॅमेरा आडवा फिरवणं) संपल्यावर चित्र एक क्षण स्वतःहून सरकतं. फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर चांगल्या टेकमध्येच फोन येतो. लेन्स प्रत्येक शॉटआधी स्वच्छ सुती कापडाने पुसा, बोटाचा ठसा असला की प्रत्येक दिव्याभोवती धुरकट रेघ येते.

आता रात्रीचा रस्ता. पूर्ण रात्री फोनवर चित्र रवाळ येतं आणि चेहरे दिसत नाहीत. सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटं आकाशात निळा उजेड असतो आणि रस्त्यावरचे दिवे लागलेले असतात, त्या वेळात शूट करा. एक्सपोजर थोडं खाली घ्या, व्हाइट बॅलन्स ४००० च्या आसपास ठेवा म्हणजे आकाश निळं आणि दिवे उबदार दिसतात. पडद्यावर ती रात्रच वाटते. पण या वेळात दोन, फार तर तीन शॉट होतात. तेव्हा एक तास आधी पोचून जागा, चाल, फोकस सगळं तालमीत पक्कं करून ठेवा आणि दोन्ही दिवशी संध्याकाळ राखून ठेवा: पहिल्या दिवशी घ्या, दुसरा दिवस पॅचवर्कला, म्हणजे राहिलेल्या शॉटना.

---

टाइमलाइन

एडिटबद्दल कुणी लिहिलेलं नाही. त्याची सुरुवात शूटिंगच्या दिवशीच होते.

संध्याकाळी लॅपटॉपवर आणि एका वेगळ्या हार्ड डिस्कवर, अशा दोन प्रती. दोन्हीकडच्या क्लिप उघडून, सुरुवात-मध्य-शेवट वाजवून बघितल्याशिवाय फोनमधलं काही पुसायचं नाही. फोरकेला (१०८० च्या चौपट पिक्सेलचं चित्र) फोन आणि फॉरमॅटनुसार मिनिटाला साधारण १७० ते ४०० एमबी लागतात. मॉनिटरवर बघायची सहा मिनिटांची फिल्म १०८० मध्ये शूट केली तरी काही बिघडत नाही आणि लॅपटॉप दम टाकत नाही.

फोनची एक खोड: बरेच फोन फ्रेमरेट स्थिर ठेवत नाहीत. २५ म्हणून लावलं तरी मध्येच २४.७, मध्येच २५.१ असं होतं. परिणाम असा की सुरुवातीला टाळी जुळते आणि तीन मिनिटांनी ओठ आणि आवाज सुटतात. क्लिप आणल्यावर तसं दिसलं तर हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून "कॉन्स्टंट फ्रेमरेट" निवडून, गुणवत्ता चढी ठेवून बदलून घ्या. मूळ फाइली ठेवायच्याच. टेक छोटे असतील तर हा फरक जाणवतही नाही.

एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. लॅपटॉपला जड झाली तर केडेनलाइव्ह. रिझॉल्व्हमध्ये क्लिप आणण्याआधी प्रोजेक्टचा फ्रेमरेट २५ करा, एकदा माल आत आला की तो आकडा सहसा बदलता येत नाही. क्लिप अडखळत चालत असतील तर प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या प्रती) तयार करा.

तुम्ही करायचं काम: फाइलींना सीन-शॉट-टेक अशी नावं देणं, आवाज जुळवणं, लॉगशीटवरच्या (सेटवर प्रत्येक टेकची नोंद केलेल्या कागदावरच्या) ओके टेकना खूण करणं, बॅकअप. हे कष्टाचं आहे, सर्जनशील नाही, आणि तिचा दीड-दोन दिवस वाचवतं. पहिली जोडणी मात्र तिनेच, स्वतःच्या हातांनी करावी.

---

लॉगशीट

इथे थोडा मतभेद. सॉफ्टवेअर दोघांनाही नवीन आहे. कट करायचं बटण शोधण्यातच तिची शक्ती गेली तर कट कुठे करायचा याचा विचार कधी होणार? दादाने आधी दोन संध्याकाळी सॉफ्टवेअर शिकावं, माउस त्याच्याकडे, निर्णय तिचा. व्यावसायिक फिल्ममध्येही दिग्दर्शक आणि संकलक असेच शेजारी बसतात.

---

टाइमलाइन

व्यावसायिक संकलक दिग्दर्शकाला स्वतःचं मत सांगायलाच बसलेला असतो, म्हणून ती जोडी चालते. इथे माउस दादाकडे गेला की कट हळूहळू त्याच्या चवीचा होतो, आणि दोघांनाही ते कळत नाही. कात्री, सरकवणं, पूर्ववत करणं, आवाज वर-खाली, एवढी चार कामं आली तरी जोडणी होते. अर्ध्या दिवसात येतात. रंग आणि आवाजाच्या मिक्सला दादाने बसावं, तिथे तुमचं म्हणणं मान्य.

जोडणीचा क्रम: प्रत्येक शॉटचा ओके टेक पूर्ण लांबीने, पटकथेच्या क्रमाने. ही सात-आठ मिनिटांची होईल आणि बघताना निराशा येईल. ती येतेच, त्यावरून फिल्म वाईट झाली असं ठरवू नका. मग प्रत्येक प्रसंगाची सुरुवात कापायची: पात्र दार उघडून, चालत येऊन, थांबून बोलत असेल तर ते थेट थांबलेलंच दाखवून चालतं का बघा. मग शेवट. मग संवादांमधल्या जागा. एकीचं वाक्य संपण्याआधीच दुसरीच्या चेहऱ्यावर गेलात तर ऐकणारी काय करते ते दिसतं. तुमच्या गोष्टीत धाकटीला काही सांगितलेलं नाही, तेव्हा बोलणारीपेक्षा तिचा चेहरा जास्त महत्त्वाचा. आवाज आधीच्या शॉटचा, चित्र पुढच्या शॉटचं, असं चार-सहा ठिकाणी केलं की कट दिसेनासे होतात.

दोन दिवस न बघता ठेवा. मग गोष्ट माहीत नसलेल्या तिघांना दाखवा आणि "कशी वाटली?" विचारू नका. "थोरली कुठे चालली आहे? धाकटीला ते कधी कळलं?" असं विचारा. तिघांपैकी दोघांचं उत्तर चुकलं तर तिथे काम करायचं. मगच चित्र लॉक, म्हणजे यापुढे कट बदलायचे नाहीत. लॉक होण्याआधी आवाज आणि रंग करायला बसलात तर प्रत्येक बदलाला सगळं पुन्हा सरकवावं लागतं.

---

पडद्यामागचा दादा

माउसचं तिला वाचून दाखवलं, ती म्हणाली जोडणी मीच करणार. शेवटची शंका संगीताची. आणि धाकटीचं काम करणारी मुलगी चौदा वर्षांची आहे, त्यासाठी काही लागतं का?

---

लॉगशीट

मुलगी अल्पवयीन आहे, तर पालकांची लेखी संमती घ्या: फिल्मचं नाव, कोणत्या दिवशी किती ते किती, कुठे दाखवली जाणार (वर्गात, महोत्सवात, इंटरनेटवर), सही. इंटरनेटचा उल्लेख वेगळा करा, कारण पालक वर्गाला हो म्हणतात आणि त्याला नाही म्हणू शकतात. सेटवर तिच्या घरचं कुणीतरी सोबत असावं आणि तिचे शॉट दिवसाच्या पूर्वार्धात लावावेत. बाकी सगळ्या नटांकडूनही एक पानाची संमती घ्या, आणि घर दुसऱ्याचं असेल तर घरमालकाकडूनही. नंतर महोत्सवाचा अर्ज भरताना हे कागद शोधत फिरावं लागत नाही.

---

कॉलरमाइक

संगीत: आवडतं चित्रपटगीत वर्गात वाजवून कदाचित खपेल, इंटरनेटवर आवाज बंद होईल किंवा फिल्मच अडेल. "काही सेकंद वापरलं तर चालतं" असा नियम कुठेही नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सखालचं संगीत घेताना परवान्यातली अक्षरं वाचा. बीवाय म्हणजे श्रेय दिलं की वापरता येतं. एनसी म्हणजे व्यावसायिक वापर नाही, तेव्हा पुढे फिल्मपासून पैसे मिळू शकतील असं काही डोक्यात असेल तर टाळा. एनडी, म्हणजे रूपांतराला मनाई, अजिबात घेऊ नका: संगीत चित्राशी जोडणं हेच त्या परवान्यांत रूपांतर मानलं जातं, आणि एनडी नेमकं तेच प्रसारित करू देत नाही. त्यापेक्षा मित्रमंडळीत कुणी वाजवणारं असेल तर त्याच्याकडून एकाच वाद्याचे दोन तुकडे रेकॉर्ड करून घ्या, लेखी परवानगीसह. आणि हँगरच्या प्रसंगाला संगीत न लावता एकदा बघा. तिथला किणकिणाट बहुधा पुरतो.

---

टाइमलाइन

द्यायची फाइल: एमपी४, एच.२६४, १९२० × १०८०, २५ फ्रेम, १५ ते २० एमबीपीएस, आवाज एएसी ३२०. मराठी सबटायटल एसआरटी (वेळांसह मजकुराची फाइल) म्हणून वेगळे ठेवा, इंग्रजी लागले तर त्याच वेळा वापरून दुसरी फाइल होते. एक्सपोर्ट झाल्यावर पूर्ण फिल्म तीन ठिकाणी बघा: लॅपटॉपवर हेडफोन लावून, फोनच्या स्पीकरवर, आणि शक्य असेल तर जिथे दाखवायची आहे त्याच प्रोजेक्टरवर. प्रोजेक्टरवर सावल्या काळ्या होतात, त्यामुळे संध्याकाळचा रस्ता तुमच्या लॅपटॉपपेक्षा बराच गडद दिसेल. तो शॉट थोडा उजळ केलेली दुसरी फाइल पेनड्राइव्हमध्ये सोबत न्या.

---

खिडकीचा उजेड

पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला असू दे. मात्र काही प्रोजेक्टर आणि टीव्ही फक्त फॅट३२ वाचतात. त्यात एक फाइल ४ जीबीच्या आत लागते, तुमची एक जीबीपेक्षा कमी होईल, त्यामुळे फॅट३२ चा दुसरा पेनड्राइव्हही जवळ ठेवता येईल. आदल्या दिवशी तिथे जाऊन आवाज दोन्ही स्पीकरमधून येतो का तेही बघा. कॉलर माइकचा एकच चॅनल रेकॉर्ड झाला असेल तर संवाद फक्त डाव्या बाजूने येतात. रिझॉल्व्हमध्ये क्लिपच्या गुणधर्मांत जाऊन ती मोनो केली की आवाज मधोमध येतो.